थांब तिथेच

जिन्याखालच्या कोठीतून ‘पीं… पीं…’ असा आवाज यायला लागला, तेव्हा मिस्त्री एका जड लोकरी कोटाचं कोपर मांडीवर घेऊन बसली होती. सुईत धागा होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर होता, आणि हातातलं काम टाकून उठायची तिची अजिबात इच्छा नव्हती.

“पोपट, कोठीत बघ गं काय रडतंय!”

“इन्व्हर्टर!” वरून उत्तर आलं. “लाल दिवा लागलाय. सकाळीच बघितलं मी.”

“मग सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, पुरे आता, आवाज काढू नकोस.”

हे मात्र खरं होतं. मिस्त्रीची ही लेक कॉलेजात जाणारी, आणि नकला करण्यात इतकी पटाईत की घरात तिचं नावच पोपट पडलेलं. प्राचार्य, शेजारीण, फोनवरची ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ म्हणणारी बाई, सगळे तिच्या गळ्यात मुक्कामाला असत. एकदा तिने तोंडाने कुकरची शिट्टी काढली होती आणि मिस्त्रीने गॅस बंद केला होता.

मिस्त्री हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं. सून घरात आली ती नवऱ्याकडे बघायच्या आधी पंखा दुरुस्त करायला बसली, असं त्या सगळ्यांना सांगायच्या. नवरोबा शाळेत भूगोल शिकवायचे. जगातल्या कुठल्या धरणातून किती वीज निघते ते त्यांना तोंडपाठ, पण घरातला बल्ब बदलायचा म्हटलं की ते लांबून “सांभाळून हं, सांभाळून” एवढंच काम करायचे. मिस्त्री कुठे काही शिकली नव्हती. उघडून बघायची, आणि जसं उघडलं तसं लावायची, एवढीच तिची विद्या. पोटापाण्याचं काम रफूचं. पुढच्या खोलीत खिडकीशी बसून ती लोकांचे कोट, शाली, पँट सांधायची. रफू करणाऱ्या माणसाला भोक वाचता येतं. कसरीने खाल्लेल्या भोकाच्या कडा कुरतडलेल्या असतात. ठिणगीने पडलेल्या भोकाला कडेने टणक तपकिरी रिंगण असतं. खिळ्याला अडकून फाटलं असेल तर कापड काटकोनातच फाटतं. गिऱ्हाइकाने कितीही थापा मारल्या तरी भोक खोटं बोलत नाही, असं ती म्हणायची.

एरवी बॅटरी गेली तर कुणी एवढं मनावर घेतलं नसतं. पण पॅसेजच्या टोकाच्या खोलीत सासूबाईंचा पलंग होता आणि पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन. दिवसरात्र घुर्र-फुस्स करत ते त्यांना श्वास पुरवायचं. नाकात नळी, पायांवर गोधडी, डोक्याशी मोठी थोरली उशी, आणि तोंडाने अखंड थट्टा, असा त्यांचा संसार उरला होता. वीज गेली की मशीन बॅटरीवर चालायचं. बॅटरी नसेल तर पलंगाखालचा छोटा सिलिंडर. तो तासभर पुरायचा, फार तर दीड तास. आणि नेमका वीज कंपनीचा निरोप आला होता की तारांचं काम असल्यामुळे आठवडाभर रोज संध्याकाळी वीज जाईल.

“एक संध्याकाळ तरी काढेल ना ती?” नवरोबांनी विचारलं.

“न काढायला काय झालं,” मिस्त्री म्हणाली, आणि पुन्हा कोपरात सुई घातली. अंदाज चुकला तिचा.

संध्याकाळी दिवे गेले. बॅटरीवरचे दिवे क्षणभर लागले, पिवळे पडले, आणि विझले. मशीनने एक लांब किंकाळी फोडली. घर काळं ठिक्कर झालं.

आणि मिस्त्रीच्या तोंडून, कितीतरी वर्षांनी, आपोआप निघालं, “कोण कुठे?”

इन्व्हर्टर यायच्या आधी या घरात दिवे गेले की हजेरी व्हायची. पद्धत सासूबाईंची. अंधारात माणसं धावतात, एकमेकांवर आपटतात. सासरे तर एकदा दुधाच्या पातेल्यासकट जिन्यावरून खाली आले होते. तेव्हापासून नियम ठरला. दिवे गेले की जो जिथे असेल त्याने तिथेच उभं राहायचं. सासूबाई विचारणार, कोण कुठे? एकेकाने फक्त आपली जागा सांगायची. सगळ्यांचा ठावठिकाणा लागला की त्या उठून कंदील लावणार, आणि मगच हलायचं. पुढे बॅटरी आली, अंधार गेला, आणि हजेरीही गेली. आता सासूबाईंना मोठ्याने ओरडायला दम कुठला, म्हणून ते काम न सांगता सुनेकडे आलं होतं.

“मी न्हाणीघरात,” नवरोबा म्हणाले. “तोंडाला साबण आहे.”

“मी जिन्यावर,” पोपट.

पलंगाच्या दांडीवर चष्म्याच्या डबीचा आवाज आला. टक टक. सासूबाई.

“मी जिन्याखाली.”

“बरं, या सगळे इकडे,” मिस्त्री म्हणाली. “टॉर्च माझ्याकडे आहे.”

पुढची पाच-दहा मिनिटं धावपळीत गेली. सिलिंडर ओढला, नळी बदलली, काटा बघितला. सासूबाईंचा श्वास लागला होता तो हळूहळू बसला. नवरोबा साबणासकट दारात उभे होते आणि “सांभाळून हं” म्हणत होते. सगळं मार्गी लागल्यावर मिस्त्रीने पोपटला टपली मारली.

“एकदा जिन्यावर, एकदा जिन्याखाली. किती ठिकाणी असतेस गं?”

“मी एकदाच बोलले.”

“हो का!”

“खरंच आई. मला वाटलं बाबा.”

“मी न्हाणीघरात होतो,” नवरोबा म्हणाले. “पुरावा तोंडावर आहे.”

सगळे हसले. साबण वाळून त्यांची मिशी पांढरी झाली होती. तासाभराने, सिलिंडरचा काटा तळाला टेकायच्या बेताला वीज आली, आणि तो विषय तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने ॲप्रन बांधला आणि कोठीत शिरली. कोठी म्हणजे जिन्याच्या पोटातली तिरपी जागा. खिडकी नाही, उभं राहिलं तर डोकं आपटतं. पुढे इन्व्हर्टर, त्याखाली बॅटरी, मागे अंधार. आत एक आंबट वास होता, लोखंड चाटल्यासारखा, जिभेच्या मुळाशी बसणारा. बॅटरीच्या टोकांवर निळसर पांढरी बुरशी धरली होती.

“हीच ती,” ती खूश होऊन म्हणाली. दोष डोळ्यांना दिसला की तिला गिऱ्हाईक देवमाणूस भेटल्याचा आनंद व्हायचा. तिने मेन बंद केला, पान्याने वायरी सोडवल्या, गरम पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने बुरशी घासली. फसफस झाली. टोकं पितळेसारखी चमकायला लागली. त्यांवर व्हॅसलीन चोपडून तिने वायरी पुन्हा आवळल्या. मग पाणी. बॅटरीच्या प्रत्येक घराला एक झाकण, आणि झाकणातून डोकावणारी छोटी काडी. पाणी भरलं की काडी वर येते. सगळ्या काड्या वर आल्या. कोपऱ्यातली, अगदी मागची, तेवढी येईना. तिने बाटली संपवली. दुसरी आणली.

“पितेय की काय कुणी,” ती स्वतःशीच म्हणाली.

मागच्या अंधारात काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. तिने टॉर्च फिरवला. धूळ, एक जुनी बादली, आणि जिन्याची पाठ. पाल असेल.

दुपारपर्यंत मल्टिमीटरवर आकडा चांगला दाखवत होता. तिने परीक्षा म्हणून पंखा लावला, तर आकडा जिना उतरल्यासारखा भराभर खाली आला. परत बघितलं तर मागच्या घराची काडीही तळाला गेलेली. बाटलीभर पाणी कुठे गेलं कुणास ठाऊक.

तिने बॅटरीवाल्याला फोन लावला.

“ताई, असली तुमच्या मापाची बॅटरी आज नाही,” तो म्हणाला. “उद्या गाडी येते. उद्या दुपारी मी जातीने येतो. तोवर तिला छळू नका, म्हातारीला सुखाने जाऊ द्या.”

“मी बॅटरीबद्दल विचारतेय.”

“मीही बॅटरीबद्दलच बोलतोय ताई.”

नवरोबा शाळेतून परस्पर स्कूटरवर जाऊन सिलिंडर भरून घेऊन आले. येताना वाईट बातमीही घेऊन आले. उद्या भरणाऱ्याचं दुकान बंद. म्हणजे आजची संध्याकाळ सिलिंडरवर, आणि उद्या दिवे जायच्या आत नवी बॅटरी बसलीच पाहिजे. दुसरी सोय नव्हती.

त्या संध्याकाळी सगळी तयारी होती. मिस्त्री सासूबाईंच्या खोलीत, नळी आधीच सिलिंडरला जोडलेली, टॉर्च हातात. दिवे गेले. टॉर्चच्या बटणावर बोट होतं, पण सवय बोटापेक्षा चपळ निघाली.

“कोण कुठे?”

“मी ओट्याशी,” नवरोबा. “दूध बघतोय.”

“मी वर, माझ्या खोलीत,” पोपट.

टक टक.

“मी पॅसेजमध्ये.”

आवाज कुणाचा म्हणाल तर कुणाचाच नव्हता. बाईचा नाही, पुरुषाचा नाही, म्हातारा नाही, लहान नाही. घाबरवणारा तर मुळीच नाही. घरातलंच माणूस, हातातलं काम न सोडता, जरा कंटाळून उत्तर देतं, तसा होता. म्हणून तर मिस्त्रीची जीभ पुन्हा घसरली.

“बरं, ये,” ती म्हणाली.

आणि म्हणता म्हणता तिने मनात मोजलं. नवरोबा स्वयंपाकघरात, लेक वर, सासूबाई समोर.

तिने टॉर्च लावला. पॅसेज लख्ख दिसला. चपलांचा रॅक, छत्री, भिंतीवरचं घड्याळ. रिकामा. फक्त तो आंबट वास, कोठीतला, आता खोलीच्या दाराशी येऊन उभा होता.

पोपट धडधडत खाली आली. नवरोबा हातात झारा घेऊन आले.

“आई, मी नाही हं,” पोपट म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती.

सिलिंडर बारीक फुसफुसत राहिला. मग पलंगावरून सासूबाईंचा आवाज आला. त्यांना चार शब्द बोलले की थांबावं लागायचं.

“मिस्त्री. तू ‘ये’ म्हणालीस?”

“हो.”

“काल पण?”

“काल ‘या सगळे’ म्हणाले.”

“मी कधी… ‘ये’ म्हणायचे का गं?”

मिस्त्रीला आठवलं. हजेरीत जो जागा सांगेल त्याला सासूबाई म्हणायच्या, ‘थांब तिथेच.’ प्रत्येकाला वेगळं, नीट, नाव टिपून घेतल्यासारखं. नवी नवरी असताना तिने एकदा बोटांवर मोजलं होतं. घरातल्या माणसांपेक्षा एक ‘थांब तिथेच’ जास्त व्हायचं. तिने विचारलंही होतं. सासूबाई हसून म्हणाल्या होत्या, ते मांजराला.

“अहो आई,” ती हळूच म्हणाली, “आपल्याकडे मांजर कधी होतं?”

“छे,” नवरोबाच म्हणाले. “मला मांजराने शिंका येतात. लहानपणापासून.”

झाऱ्यातून दुधाचा एक थेंब फरशीवर पडला. तो पुसायला कुणी वाकलं नाही.

“कोण आहे, आजी?” पोपटने विचारलं.

“हजेरी घेणाऱ्याने… कोण ते विचारायचं नसतं. कुठे, एवढंच.” सासूबाई श्वास घ्यायला थांबल्या. “वाईट नाही गं ते. सांगितलं की ऐकतं. तेवढं बाकीच्यांनी… शिकावं.” आणि त्यांनी मुलाकडे बघून डोळा मारला.

दुसऱ्या दिवशी बॅटरीवाला आला, जातीने आणि वाजतगाजत. गाडीतून नवी बॅटरी उतरवताना त्याने तिला “ये बाई ये, माप ओलांड” म्हटलं, नवरोबांना “साहेब, तुम्ही फक्त लांब उभे राहा” म्हटलं, आणि तीन वेळा चहा नको म्हणून चौथ्यांदा घेतला. नवरोबांना लांब उभं राहायचा अधिकृत हुकूम प्रथमच मिळाला होता. ते अगदी प्रसन्न होते.

जुनी बॅटरी ओढून बाहेर काढली तेव्हा खालून ओघळ निघाला.

“बघा, म्हातारी खालून फुटलीय,” बॅटरीवाला म्हणाला. “तुम्ही पाणी घालताय, ती सोडतेय. सगळं ॲसिड मागे गळलंय. ताई, ॲप्रनला लागलं बरं का.”

“कुठे? काही दिसत नाही.”

“आत्ता नाही दिसायचं. धुतल्यावर दिसतं. चाळण होते कापडाची.”

मिस्त्रीला ही भोकं माहीत होती. कडा मऊ, ना कुरतडलेल्या ना जळालेल्या, जणू कापड तेवढ्यापुरतं दमून गेलंय. असलं भोक रफूला आलं तर ती परत पाठवायची. आजूबाजूचा धागाही सडलेला असतो, सुई धरत नाही.

ती टॉर्च घेऊन वाकली. मागे ॲसिडचं थारोळं वाळून पांढरट पूड झाली होती. तिच्याभोवती कित्येक वर्षांची धूळ, बोटभर जाड. फक्त अगदी कोपऱ्यात, जिथे जिना जमिनीला टेकतो, तिथे माणसाच्या बैठकीएवढी जागा स्वच्छ होती. आणि तिच्या मागच्या भिंतीवर, बसलेल्याचं डोकं जिथे टेकेल तिथे, गिलावा घासून गुळगुळीत झाला होता.

“उंदीर,” बॅटरीवाला तिच्या खांद्यावरून बघत म्हणाला. पण तो लगेच मागे सरकला, आणि पुढचं काम त्याने एकही विनोद न करता केलं.

लाल वायर लाल टोकाला, काळी काळ्याला. पाना फिरला. एक बारीक ठिणगी उडाली. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लागला. मिस्त्रीने मेन बंद करून बघितला; दिव्यांची पापणीसुद्धा लवली नाही. सासूबाईंचं मशीन घुर्र-फुस्स करत राहिलं. पोपटने टाळ्या वाजवल्या. नवरोबांनी धरणांपेक्षा बॅटरीचा शोध कसा मोठा, यावर छोटंसं व्याख्यान दिलं. घरावरून एक ओझं उतरलं होतं. मशीन आता चार तास चालेल, सहा तास चालेल, तारांचं काम जन्मभर चालू दे.

बॅटरीवाला गेला. चहाचे कप विसळताना मिस्त्रीच्या मनात मात्र एक धागा लोंबत राहिला.

आधी जिन्याखाली. मग पॅसेजमध्ये. दोनदा ती ‘ये’ म्हणाली होती. आता घरात अंधारच होणार नाही, म्हणजे हजेरी होणार नाही, म्हणजे ‘थांब’ कुणी म्हणणार नाही. बोलावलेलं येतच राहणार. टाका अर्धा घालून कापड कसं ठेवायचं?

ती सासूबाईंच्या पलंगाशी जाऊन बसली.

“अहो आई, एकदा मुद्दाम अंधार करून हजेरी घेतली तर? ‘थांब तिथेच’ म्हणून टाकते. दाराबाहेरच राहील.”

“म्हण.”

“परत जा म्हटलं तर जाईल?”

“ते मी कधी… म्हटलं नाही.” सासूबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. त्यांची बोटं गार होती. “सगळ्यांना म्हण. एकाला वगळून नाही चालायचं. आणि अडखळू नकोस.”

मिस्त्रीने सरावच केला. कपडे घड्या घालताना म्हणाली, थांब तिथेच. कणीक मळताना म्हणाली. पोपटने तिची नक्कल केली तर तिलाही थांबवून सांगितलं, आज नाही हं, आज एकदाच बोलायचं आणि आपल्याच आवाजात.

दिवेलागणीला तिने पडदे ओढले. सिलिंडरमध्ये कालचा थोडा ऑक्सिजन उरला होता, तेवढ्यावर सासूबाईंची नळी लावली. नवरोबा ओट्याशी उभे राहिले, पोपट जिन्यावर. मिस्त्री मुख्य स्विचपाशी, कोठीच्या दारात. मेन बंद केला. मग इन्व्हर्टरचं बटण.

अंधार.

मशीन गप्प झालं. कुठेतरी नळ ठिबकत होता. कोठीत आंबट वास नव्हता. हे आधीच तिच्या लक्षात आलं असतं तर बरं झालं असतं.

“कोण कुठे?”

“मी ओट्याशी.”

“थांब तिथेच.”

“मी जिन्यावर.” पोपटचा आवाज बारीक झाला होता.

“थांब तिथेच.”

टक टक.

“थांबा तिथेच,” ती म्हणाली. सासूबाईंना अरेतुरे करायची अंधारातही जीभ रेटली नाही. ओट्याकडून नवरोबा खुदकन हसले.

मग काहीच नाही.

ती वाट बघत राहिली. ठिबक. ठिबक. तिला वाटलं, गेलं. बॅटरीबरोबरच गेलं. तिने स्विचकडे हात नेला.

“मी उशीवर.”

“थांब तिथेच,” मिस्त्री म्हणाली.

दिवसभर घोटलेले शब्द. न अडखळता. स्पष्ट.

मग तिला कळलं तिने काय म्हटलं ते.

तिने दोन्ही स्विच एकदम दाबले. घर उजळलं. ती धावली, मागून पोपट, मागून झाऱ्याशिवाय नवरोबा. मशीन पुन्हा घुर्र-फुस्स करायला लागलं होतं.

सासूबाई भिंतीकडे सरकल्या होत्या. अर्धी गोधडी त्यांनी या बाजूला पसरून दिली होती. मोठ्या उशीची अर्धी बाजू मोकळी होती.

“अहो आई, मी दाराबाहेर म्हणणार होते. चुकून… थांबा, पुन्हा घेते हजेरी.”

“राहू दे.” सासूबाईंचा चेहरा शांत होता. “एकदा थांब म्हटलंस ना? आता पुन्हा हलवू नकोस. गोंधळेल बिचारं.”

त्यानंतर त्या घरात कधी अंधार झाला नाही. नवी बॅटरी गुणी निघाली. तारांचं काम संपलं. पोपटने बॅटरीवाल्याची नक्कल बसवली, आणि ती इतकी हुबेहूब की नवरोबा दोनदा चहा टाकायला उठले. सासूबाईंची तब्येत सुधारली, हे तर डॉक्टरांनाही कबूल करावं लागलं. बोटाला लावायच्या यंत्रावर आकडे चांगले यायला लागले. एका दमात पूर्ण वाक्यं बोलायला लागल्या, त्यातली निम्मी मुलाची खोडी काढणारी. पाय गार पडत नाहीत हल्ली, असं त्या म्हणाल्या. झोपायच्या मात्र भिंतीला चिकटून.

मिस्त्रीने मनाशी ठरवलं की अंधारात माणसाला काहीही ऐकू येतं. रफूची कामं साचली होती. तो लोकरी कोट अजून पुरा व्हायचा होता.

एका सकाळी धुणं वाळत घालायला ती गच्चीवर गेली. ऊन कोवळं होतं, वारा छान होता, खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी उगाचच वाजवत होतं. चादरी झाल्या, ॲप्रन झाला. ॲप्रनची बॅटरीवाल्याने सांगितल्याप्रमाणे चाळण झालेली बघून तिला हसू आलं. मग तिने सासूबाईंच्या उशीचा अभ्रा झटकला आणि दोरीवर टाकला.

त्यातून ऊन आलं.

भिंतीकडची बाजू धड होती. अलीकडच्या, मोकळ्या सोडलेल्या बाजूला बारीक भोकं, दाट, शेजारी शेजारी. तिने चष्मा नाकावर ओढून घेतला. कडा कुरतडलेल्या नव्हत्या. तपकिरी रिंगण नव्हतं. मऊ, दमलेल्या कडा. आणि सगळी मिळून एका गालाच्या आकाराची, आणि गालाखाली, नीट मिटून ठेवलेल्या हाताच्या.

खालून सासूबाईंचं हसणं ऐकू आलं, मग त्या कुणाला तरी हळू आवाजात काही सांगायला लागल्या. पोपट कॉलेजात गेली होती. नवरोबा शाळेत.

मिस्त्रीने अभ्रा उतरवला. तो रफूला धरणारा नव्हता.

ती खाली आली, कपाट उघडलं, आणि एक जास्तीची उशी आणि दोन अभ्रे काढले.